शेवटची केबिन, सोहार

एसी बंद असताना मीटर दाखवतो
पूर्ण दोनशे चाळीस.
काही मागितलंच नाही
तर काहीच कमी नाही.

चालू करतो.
चौदा अँपिअर ओढले जातात
आणि आकडा उतरतो
एकशे अठ्ठ्याण्णववर.

"बेचाळीस व्होल्ट गेले कुठे, परकारभाय?"
नवा हेल्पर दिगू.

वाटेत. वायरीने खाल्ले.
जनरेटरपासून इथवर वाळूत लोळणारी
बारीक, जुनी, तीन ओहमची.
चौदा त्रिक बेचाळीस.
हात लावून बघ,
वाळूपेक्षा गरम लागेल.

तो हात लावतो,
ठेवतो जरा वेळ.
"आमचा एजंटपण असाच."

मी प्रोब गुंडाळतो.
जाड केबलचा अर्ज तिसऱ्यांदा लिहायचाय.
तोवर आठ जणांची केबिन
कुरकुरत, हळूहळू
थंड व्हायला लागते.