पान एकशे बारा

मोरेश्वर लघाटे यांची जन्मशताब्दी.
रामबागेतल्या हॉलमध्ये पंखे कमी, हार जास्त.
वक्ते पुण्याहून आलेले. म्हणाले,
लघाट्यांच्या आधी इंदूरच्या मराठीला
घाम येत नव्हता.
खरं आहे.
'येऊन राहिलो' त्यानंच पहिल्यांदा छापलं.
सराफ्यात रात्री दोनला जिलबी खाणाऱ्या बाईच्या
बोटांवरचा पाक त्यानंच वाक्यात आणला.

बाकीचं सगळ्यांना पाठ:
तोपखान्यातल्या वकिलाची बायको,
महूच्या छावणीतली नर्स,
छापखानेवाल्याची विधवा बहीण,
जिच्या पाटल्या मोडून पहिली आवृत्ती निघाली.
मग खटला. दीडशे रुपये दंड.
न्यायाधीशांनी पुस्तक पुरावा म्हणून ठेवून घेतलं,
परत केलंच नाही.
(हशा.)

मी तिसऱ्या रांगेत. शेजारची खुर्ची
पर्स ठेवून अडवलेली.

माझी द्वारकाआत्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची.
पान एकशे बारावर चंपा नावाच्या मास्तरीणबाई आहेत,
पाठीवर, डाव्या खांद्याखाली,
तुरीच्या डाळीएवढा तीळ.
नाव बदललं होतं त्यानं.
छत्री बदलली नव्हती,
छत्रीची मोडकी मूठही नाही.

त्या वर्षापासून आत्याच्या पोलक्यांचे गळे
मानेपर्यंत चढले. मे महिन्यातसुद्धा.
फळ्याकडे वळली की
मागे तेहेतीस मुली एकदम गप्प.
दोन स्थळं आली, चहा पिऊन गेली.
आजोबा तिच्याशी पुढे फक्त
दुधाच्या हिशेबाचं बोलले.

वाचनालयातलं कार्ड मी पुष्कळ नंतर पाहिलं.
दोन हेडमास्तर, एक निवृत्त सुभेसाहेब,
आजोबा तीनदा.
आणि पान एकशे बारा
कुणीतरी ब्लेडनं, शिवणीपासून,
अगदी सफाईनं नेलेलं.

ती गेली तेव्हा अंघोळ मी घातली.
कुशीवर वळवली.
चष्मा बाहेर राहिला होता, तो मागवून घेतला.
डावा खांदा. मग उजवा.
मग सबंध पाठ,
नद्या भरायच्या राहिलेल्या नकाशासारखी.
कुठेच काही नव्हतं.

अठ्ठेचाळीस वर्षं.
एक हूक काढला असता
टीचर्स रूममध्ये, कुठल्याही बाईसमोर,
दुपारपर्यंत गावभर झालं असतं.
पण दाखवायचं कुणाला?
आणि का म्हणून?

आता व्यासपीठावर एक मुलगी तेच पान वाचते आहे,
नव्या आवृत्तीतून, माईक नीट धरून.
सुंदर आहे.
काय करू, सुंदर आहे.
तिळापाशी तिचा आवाज खाली येतो,
हॉलभर माणसं पुढे झुकतात.

मीही.
पर्स घसरून खाली पडते.
कुणी वळून पाहत नाही.