पंचवीस किलोखालचा गट

कोपरखैरण्यात, शाळेच्या तळमजल्यावर
निळ्या गाद्या अंथरल्यात.
चपला बाहेर काढायच्या, आत बोलायचं नाही,
आजोबांनी तर मुळीच नाही.
मी खिडकीशी उभा. गजातून एक डोळा आत.

पहिला महिनाभर कार्तिकीला नुसतं पडायला शिकवलं.
घरी आली की पलंगावर धप्प.
हनुवटी छातीला, हात सपाट आपटायचा,
"आबा, डोकं लागता कामा नये."
मी सुनेला म्हणालो, महिन्याचे आठशे रुपये
आपण पडण्याचे भरतोय?
पडणं तर फुकट येतं.

येत नाही. मला ठाऊक आहे.
कांदा-बटाटा मार्केटात ट्रकच्या फळीवरून
नारायण मोझर पडला
तेव्हा त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.
गोण वाचवायला गेला.
गोण वाचली.
आम्ही सात जण खाली उभे होतो, हात रिकामे.

बत्तीस वर्षं पाठीवर वजन घेतलं.
हातात हुक, मानेवर टॉवेलची चुंबळ,
लासलगावचा कांदा, आग्र्याचा बटाटा,
भिजला की पाच-सात किलो चोरून जास्त भरणारा.
टोळीचा कायदा एकच:
घेतलेलं वजन मध्येच टाकायचं नाही.

आज लिपाने मॅडमनी पहिल्यांदा फेकायला लावलं.
समोर तिच्याच मापाची पोर,
दोन वेण्या, सारखं नाक ओढणारी.
कार्तिकीने तिची बाही धरली, कॉलर धरली,
गर्रकन वळली, गुडघे वाकवले
आणि कंबर तिच्या पोटाखाली घातली.

अगं, हे तर मी ओळखतो!
असंच. वजन अंगाला चिकटलेलं पाहिजे,
मध्ये वारासुद्धा नको.
हात फक्त धरायला, बये,
उचलायचं मांड्यांनी.
हे मी तिला कधी सांगितलं नाही.
तिच्या बापाला तर मुद्दाम नाही.
त्याने खुर्चीत बसावं, पंख्याखाली,
म्हणून मला जे जे येत होतं
ते घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवून आत यायचो,
हुकासारखं.
तरी ते हिच्यापर्यंत कुठल्या वाटेनं आलं?

मग तिने ते केलं जे मी कधीच केलं नाही.
वजन टाकलं.
धप्प.
दोन वेण्या गादीवर, हात सपाट, डोकं वर.
आणि कार्तिकीने एका हातात तिची बाही
शेवटपर्यंत धरून ठेवलेली.

"हाऽऽ शाब्बास!"
अख्ख्या हॉलने खिडकीकडे पाहिलं.
मार्केटातला आवाज तो, लहान होत नाही.
मॅडम म्हणाल्या, "आजोबा."
एवढंच. पण हसल्या.

पुढच्या खेपेला वेण्यावालीने हिलाच उताणी पाडली.
तेही सांगायला हवं.

येताना हातात स्पर्धेचा फॉर्म.
गट: पंचवीस किलोखालचा.
"आबा, माझं वजन बघायला काटा कुठे?"
काटा कशाला? ये.
बसस्टॉपच्या कट्ट्यावर तिला उभी केली,
पाठ दिली.
डॉक्टरने सांगितलंय, दोन किलोच्या वर हात लावायचा नाही,
चौथा-पाचवा मणका गेलाय.
तो डॉक्टर इथे कुठे आहे!

जराशी हलवून घेतली, डावीकडे, उजवीकडे.
चोवीस किलो सातशे, मी म्हणालो.
राशनवाल्या भानुशालीच्या काट्याने
चोवीस सहाशे दाखवले.
काटा त्याचा जुना आहे.

कोपऱ्यापर्यंत तशीच नेली. उतर म्हणालो नाही.
ओळखीचे दोघे-तिघे भेटले, सगळ्यांना सांगितलं,
ज्युदो शिकते.
मागून कानाशी तिचा गरम श्वास,
गळ्याभोवती कॉलर धरल्यासारखी मूठ,
आणि बारीक आवाजात सूचना:
"आबा, पडलात तर हनुवटी छातीला हं.
मी बाही धरलीय."