दुपारी एक ते चार

दत्तवाडीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत
आमचं वाचनालय आहे. पाटी मीच रंगवली:
‘दुपारी १ ते ४ उघडे राहील.’
लोक ती दोनदा वाचतात, हसतात,
आणि आत डोकावून विचारतात, चूक झालीय का हो?

चूक नाही. अख्खी पेठ डाराडूर झोपते
तेव्हाच तर चौथी-पाचवीतली पोरं जागी असतात,
‘आवाज करू नका’ म्हणून घराबाहेर काढलेली,
गुडघ्यांवर खरचटलेली, कैरीच्या चिकानं ओठ सोललेली.
इथे पुस्तक झटकलं की अजून पीठ उडतं.
ज्वारीचं, बहुतेक.

आयाबाप येतात, यादी मागतात.
‘शुद्धलेखन सुधारेल असं काही द्या.’
‘बोध हवा. शक्यतो शेवटच्या पानावर.’
‘जाड चालेल, मे महिना पुरला पाहिजे.’
मी मान डोलावते, आणि यादी माझ्या मनातलीच करते.

घरी नवं बाळ आलंय त्याला देते
तबल्याच्या खोक्यात लपून बसलेल्या कासवाची गोष्ट.
त्याला तीन दिवस कुणी शोधत नाही.
(चौथ्या दिवशी शोधतात. ते मी आधी सांगत नाही.)
अन्विता खळदकरला विहिरीतल्या भुताचं,
कारण ती म्हणते की ती घाबरत नाही.
झोया तांबोळी प्रत्येक गोष्टीवर भांडते,
तिला मुद्दाम शेवटचं पान फाटलेलं दिलं.
परत आलं तेव्हा मागच्या पुठ्ठ्यावर
पेन्सिलीनं तीन शेवट लिहिलेले,
तिन्हींवर काट.

हरिओम लोंढेसाठी माझ्याकडे काही नव्हतं.
पहिल्याच दिवशी सांगून मोकळा झाला:
‘मला वाचायला नाही आवडत. पंखा आवडतो.’
म्हटलं, बस पंख्याखाली.
चोर दिले, चांदोमामावर गेलेली माकडं दिली,
चित्रं बघून तो पुस्तकं परत ठेवायचा,
अगदी होती तिथेच, पाठ सरळ करून.

आठव्या दिवशी त्यानं रद्दीच्या ढिगातून
रेल्वेचं जुनं वेळापत्रक उपसून काढलं.
बोट ठेवून वाचत बसला. साडेतीनला मान वर केली.
‘काकू, पुण्याहून सुटलेली ही गाडी
रात्री दोन सतराला एका बारक्या स्टेशनात थांबते.
एकच मिनिट. तिथे कोण उतरतं?’
मला काय माहीत.
‘पण उतरतच असणार ना कुणीतरी?
नाहीतर थांबली कशाला असती?’

झोया म्हणाली, कोंबड्या घेऊन एक बाई.
अन्विता म्हणाली, कुणीच नाही, आणि तेच भयंकर.
कुणी म्हणालं, ड्रायव्हरला सू लागते.
आठवड्याभरात त्या स्टेशनात
एक लंगडी शेळी आली, चहाची टपरी आली,
शिट्टी हरवलेले स्टेशनमास्तर आले.
पोरं पाळीपाळीनं वेळापत्रक घरी न्यायला लागली.
मी दहा रुपये अनामत ठेवली. तक्रार झाली नाही.

जूनमध्ये शाळेची नवी दप्तरं रस्त्यावर दिसू लागली
तेव्हा वही पुढे केली. तीत एक रकाना आहे,
‘हे पुस्तक कोणाला सुचवाल?’
बाकीच्यांनी लिहिलं, सर्वांना.
हरिओमनं बराच वेळ पेन चावलं, मग लिहिलं:
‘ज्यांना वाचायला आवडत नाही त्यांणा.
सावकाश वाचा. मधेमधे उतरा.’

शुद्धलेखन सुधारलेलं नाही. मीही सुधारलं नाही.
रद्दीवाला आला, त्याला बाकीचा ढीग दिला.

काल रात्री उकाड्यानं जाग आली.
माठातलं पाणी प्यायले, घड्याळ बघितलं,
दोन वाजून सोळा.
परत आडवी नाही झाले.
उभी राहिले तशीच, हातात रिकामं भांडं घेऊन,
एक मिनिट.