तलवार अजून म्यानात

तीन तास झाले. एकही लढाई नाही.
माणसं नुसती बोलतायत.
पूल का पाडला, कुणी पाडला,
राणीनं मुखवटा कधी उतरवला,
आणि मध्येच एक म्हातारा
मुळ्याचं लोणचं कसं मुरवायचं ते सांगतो,
चौदा वाक्यांत.
मी बटण दाबते. पंधरावं वाक्य येतं.

दुसरा भाग यायला अकरा वर्षं लागली.
तेवढ्यात शिरोलीच्या रस्त्यावर दोनदा पुराचं पाणी चढलं,
मामाचं घर विकलं, मी लॅबमध्ये रात्रपाळीला लागले,
आणि ज्याच्या केसांमुळं
आम्ही त्याला राखुंड्या म्हणायचो,
त्या पोराला कंपनीनं दाढी दिली.
डावा पाय ओढत चालतो आता.
का, ते सांगितलेलं नाही.
सांगतील. सगळं सांगतात हे लोक.

पाणी मात्र सुरेख काढलंय.
रंकाळ्यासारखंच, फक्त जलपर्णी नाही.
पिशवीत साठ औषधं,
आणि जखम कुणालाच नाही.

सुरुवातीलाच विचारलं होतं,
मागची गोष्ट आठवते का? होय. नाही.
मी 'नाही' दाबलं, खोटंच.
म्हटलं, बघू यांना काय आठवतंय.
चार मिनिटांत उरकलं.
राज्य, दगा, आग, जहाज.
आमच्या नावाड्याचा, बंडातात्याचा, पत्ताच नाही.
दिवाळीची अख्खी सुट्टी त्याच्या नावेत बसून
आम्ही मासे धरत होतो
आणि लगेच परत पाण्यात सोडत होतो.
मामीनं बघितलं असतं तर टीव्ही बंद.

मंगळवार पेठेत, मामाकडे
दिवस बुडायच्या आत जेवणं व्हायची.
म्हणून संध्याकाळ आम्हाला
गल्लीतल्या इतर पोरांपेक्षा लांब मिळाली.
भरतेश सातवीत. इंग्रजी अक्षरं
त्याच्या डोळ्यांपुढनं पळून जायची.
मग मी वाचायचे, आणि वाचता वाचता बदलायचे.
सम्राट म्हणायचा, 'बस की खाली, काय उभारलायस?'
सेनापती म्हणायचा, 'फितूर झालं की गं बया हे बेणं!'
लोहाराची पोरगी मरताना काय बोलली
ते मला कळलंच नव्हतं. शब्द अवघड होता.
भरतेश वाट बघत होता.
मी म्हटलं, 'जाते म्हणू नये. येते.'
तो रडला. तीन दिवस
खेळाचं नाव काढू देईना.

आज त्या चार मिनिटांत ती पुन्हा मेली.
खाली तीच अक्षरं. आता मला इंग्रजी येतं.
ती म्हणते,
'छप्पर शाकारून घे.'
एवढंच.

यातलं कुठलं खरं धरायचं, ठरवत बसले.
चहावर साय आली.

मग उगाच, रात्री दोनला,
फोन तोंडाशी धरून
मुळ्याचं लोणचं पहिल्यापासून म्हणून दाखवलं.
'हे बघ पोरा, मुळा आधी वाळवायचा, ऊन जरा खाऊ दे त्याला,
घाई करशील तर नासवशील.'
पंधराही वाक्यं. भरतेशला पाठवलं.
शिरोलीत भट्टीवर असतो तो,
पाळीत फोन लॉकरमध्ये.

साडेपाचला उत्तर आलं.
मागं गंगावेशीतल्या म्हशी, कुणीतरी धारेचं दूध मागतंय,
आणि त्याचा बसका आवाज,
'अक्का, ह्यो बंडातात्या न्हवं?
आवाज त्योच काढलायस की.'

मी काढला नव्हता. म्हणजे मुद्दाम नाही.
परत त्या झोपडीत गेले.
राखुंड्या पाय ओढत आत आला,
तिकडं राज्य जळतंय, तरी आला.
म्हाताऱ्याच्या मागं भिंतीला काहीतरी लांब टांगलंय.
वल्हं असेल.
मुळे वाळवायची काठीही असेल.

फोन पुन्हा वाजला. 'तलवार काढली का?'
'न्हाई,' मी लिहिलं. 'बोलू दे त्याला.'
आणि बटण दाबलं.