काही येणे नाही

आमच्या स्कोअरशीटवर पासला रकाना नसतो.
बास्केट कोणाची, फाउल कोणाचे, टाइमआउट किती,
एवढंच लिहायचं, बॉलपेनने, दाबून,
कारण खाली कार्बन असतात.
गुलाबी प्रत जिंकणाऱ्याला, पिवळी हरणाऱ्याला.
जिमखान्यातल्या माझ्या फायलीत
बहुतेक पिवळंच आहे.

सुवर्णा पासलकर, एफ.वाय.बी.कॉम.,
उंची पाच फूट एक, फॉर्मवर तिने तीन लिहिली होती.
सकाळची पौडची एस.टी., पिरंगुटला चढायची,
डेक्कनपासून पुढे चालत.
कदम सरांनी विचारलं, याआधी काय खेळलीस?
खो-खो, म्हणाली. आणि घरी आम्ही पाच बहिणी,
ताटं मी वाढते.
सरांनी चार नंबरचा टीशर्ट दिला.
तो जवळजवळ गुडघ्याला टेकला.

पहिलं वर्ष बाकावर गेलं.
बसल्या बसल्या ती खेळणाऱ्यांचे पाय बघायची,
चेंडू नाही.
मला वाटलं, पोरीचं लक्ष नाही.

आमचं मैदान सिमेंटचं. डाव्या कोपऱ्यात पोपडा निघालाय,
तिथे टप्पा बसका येतो.
दुसऱ्या वर्षी पाहुण्या संघांना ती
हळूहळू त्या कोपऱ्यात न्यायची,
लग्नात नको त्या माणसाला
गप्पा मारत दाराशी न्यावं तसं.
मान एकीकडे, चेंडू दुसरीकडे.
तरन्नुमच्या हातात तो येऊन पडायचा
तेव्हा तरन्नुमलाच नवल वाटायचं,
आणि टाळ्याही तिलाच.

मी कारकून माणूस.
खिशात कँटीनच्या उधारीची वही असायची.
तिच्या मागच्या पानावर रेघा मारू लागलो,
चार उभ्या, पाचवी आडवी.
पुढून चहा, मागून पास.
फेब्रुवारीत दोन्ही एकमेकांना येऊन भिडले,
नवी वही घेतली.

संगमनेरला, आंतरविभागीय, सात सेकंद, एकाने मागे.
रिंग दोन पावलांवर.
मध्ये नाशिकची उंच पोर, चार फाउल झालेली,
म्हणजे हात लावणार नव्हती.
मला पाण्याच्या जगाशेजारून दिसत होतं हे,
तिला काय दिसलं नसेल?
तिने कोपऱ्यात दिला.
तरन्नुमचा रिंगवर फिरला, एकदा, दीडदा,
आणि बाहेर आला.

आळेफाट्यापर्यंत सर बोलले नाहीत.
मग म्हणाले, स्वतः टाकायचास ना गं.
खिडकीकडे बघत ती म्हणाली,
ती मोकळी होती, सर.
पुढच्या सीटवर तरन्नुम
झोपेचं सोंग घेऊन रडत होती.
त्या पासची रेघ मी मारली.
नियमाने मारायची नसते, बास्केट झाली नव्हती.

तिसऱ्या वर्षी कॅप्टन.
एक गुलाबी प्रत आली, प्राचार्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवली.
टेबल बदललं तेव्हा ती कुठे गेली कोण जाणे.

मे महिन्यात नो ड्यूजवर सही घ्यायला आली.
ग्रंथालयाची झाली होती, जिमखाना शेवटचा.
टीशर्ट धुऊन, इस्त्री करून,
काखेत उसवलेला निळ्या दोऱ्याने शिवलेला,
टीशर्ट पिवळा होता.
पुढे काय?
चाकणला कंपनीत, हजेरी विभाग, सोमवारपासून.
खेळायला मिळेल?
तिकडे ट्रक उभे असतात, सर.
मला कोणी सर म्हणत नाही.

लिहिलं: टीशर्ट एक, जमा. काही येणे नाही.
सही केली. शिक्का तिरका बसला.
वही खिशात होती. चारशे अकरा, संगमनेरचा धरून.
सांगावं म्हणून तोंड उघडलं
तेवढ्यात रांगेतून कोणीतरी पेन मागितलं.
तिने टेबलावरचं उचललं
आणि मागे न बघता दिलं.
बरोबर त्याच्या हातात.

ती गेल्यावर वही काढली,
एक रेघ मारायची होती.
पेन नव्हतं.