पाठमोरे

मामाच्या गच्चीवर ट्रायपॉड लावला
कारण मामाची गच्ची होती.
एवढंच कारण. फिल्मच्या सुरुवातीला ते लिहायला हवं होतं,
काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत:
ही गच्ची दिग्दर्शिकेच्या मामाची आहे,
वाळत घातलेल्या सांडग्यांशेजारी तीन पायांपुरती जागा होती.

त्या आठवड्यात महापालिका बरखास्त झालेली.
चौकातल्या कमानीवर कुणाचं नाव राहायचं यावरून
दोन गट, दोन झेंडे, बिंदू चौकात चहाचे गाडे उलटे.
नेट बंद. दूध मात्र येत होतं.
म्हशी कुणाच्याच बाजूच्या नसतात, दस्तगीर म्हणाला,
आणि लेन्स पुसता पुसता स्वतःच,
'मालक असतात की.'

खाली गल्ली. या तोंडाला आमची पोरं, त्या तोंडाला त्यांची.
आमची, त्यांची.
बघा, किती सहज आलं.

चौदा मिनिटं बावीस सेकंद.
दस्तगीरनं श्वाससुद्धा कडेला काढून ठेवलेला.
मी कुणाला ओरडायला सांगितलं नाही,
एकही दगड पुन्हा मारायला लावला नाही,
कापलं नाही, जोडलं नाही.
याला मी प्रामाणिकपणा म्हणत होतो.

होतो-च. आमच्याकडं बाई 'मी आलो' म्हणते.
पुण्याच्या स्टुडिओत निवेदन ऐकून साऊंडवाला हसला,
'मॅडम, लिंग चुकलंय,'
आणि मला न विचारता आईच्या मुलाखतीखाली
शुद्ध भाषेतली ओळ टाकून मोकळा झाला.
तो कुणाच्या बाजूचा होता?
कुणाच्याच नव्हता.

चौथ्या दिवशी ठाण्यातून फोन.
साहेबांनी चहा पाजला, खारी पुढं केली,
'तुम्ही निष्पक्ष, म्हणून तर तुमच्याकडं मागतोय.'
मला बरं वाटलं. हे लिहितो, कारण वाटलं होतं.
पेनड्राइव्हची रीतसर पावती मिळाली.

थांबवा. मागं घ्या. हा कोण?
गच्चीतून त्या तोंडाचे सगळे समोरून दिसतात:
मिसरूड, कपाळावरचे केस, एकाचा अर्धा दात.
सतरा चेहरे, सतरा नावं, संध्याकाळपर्यंत कळंब्यात.
आणि आमच्या तोंडाच्या नुसत्या पाठी.
बनियन, चौकडा, तालमीचा धुऊन पुसट झालेला टी-शर्ट.
पाठीवर कोण गुन्हा दाखल करणार?

डावीकडून तिसरी पाठ मी ओळखतो.
सहा वर्षं शाळेला जाताना ती सायकलवर माझ्यापुढं असायची,
चढावर उजवा खांदा खाली टाकायची.
अजून टाकते.
'हा ओळखीचा?' साहेबांनी बोट ठेवलं.
पाठीवरून कसं सांगणार, मी म्हणालो.

चौदा मिनिटांत एवढाच एक कट.

फिल्म दाखवली तेव्हा अक्काताई शेवटच्या रांगेत,
पदर तोंडाला, चपला हातात.
दिवे लागल्यावर माझ्याकडं आली.
'लय नीट दिसतंय गं पोराचं तोंड.
लग्नाच्या फोटूतबी एवढं सुधरून आलं न्हवतं.
त्यो दगड टाकतोय का चुकवतोय,
तेवढं काय कळंना बघ.'
मला चौकट न् चौकट पाठ.
मलाही कळत नाही.

परत येताना खरी कॉर्नरला गाडी थांबवली.
त्या स्तंभावरचा कॅमेरा बरा, त्यात फिल्म नाही.
दस्तगीर बोलला नाही. तो दोन महिने बोलतच नव्हता,
कामापुरता सोडून. मी त्याला विचारलंच नव्हतं
गच्ची चालेल का म्हणून.

काल अक्काताईच्या घरावर चढलो.
पत्रा तापलेला, ट्रायपॉड वाकडा बसतो,
एका पायाखाली वीट द्यावी लागली.
इथनं मामाची गच्ची दिसते,
सांडगे दिसतात,
मामी पाखरं हाकताना समोरून दिसते,
अगदी स्वच्छ, नावानिशी.