उखर्डू

मस्टरवर नाव घेताना ठेकेदाराचा पोरगा हसला,
"भावलाल उखर्डू? बापाचं असलं नाव?"
म्हटलं, असतं.
अमळनेरात कुठल्याही गल्लीत विचारा,
साठीपुढचा एखादा उखर्डू निघेलच,
एखादा धुडकू, एखादी उखाबाई.
त्यानं लिहिलं : बी. यू. कोळी.

बापाच्या आधीचे तीन गेले होते, पाचवीच्या आत.
म्हणून चौथा आला तेव्हा आजीनं
त्याला सुपात घालून गोठ्यामागच्या उकिरड्यावर ठेवला
आणि पाठ फिरवली.
टाकलेल्या वस्तूला मरण हात लावत नाही,
असा तेव्हाचा कायदा.
शेजारची झेलाबाई आली, ठरल्याप्रमाणे चकित झाली,
"हाऊ पोऱ्या कोना शे वं? मी लई जास याले."
मग आजीनं पसाभर दादर मोजून
स्वतःचं पोर तिच्याकडून विकत घेतलं.

उकिरडा ऊबदार असतो, बाप शेवटपर्यंत सांगायचा,
जणू त्याला आठवतच होतं.
शेण, राख, कडब्याची धसकटं, खरकटं पाणी.
थंडीत उकरला की वाफ निघायची.
वैशाखात गाड्या भरून शेतात जायचा,
खड्डा पुन्हा रिकामा.
दर साली त्याचे पांग फिटायचे.
म्हणीतली बारा वर्षं आम्हाला कधी लागलीच नाहीत.

हा डेपो मात्र म्हणीसारखा वागला.
बोरीच्या अंगाला बारा वर्षं वाढत राहिला,
आणि आता चाळणीचं मशीन आलंय,
गोल फिरणारं, बैलगाडीहून लांब.
पट्ट्याच्या या बाजूला मी, समोर रुख्मा आणि इस्माईल.
वर वेफर्सची पाकिटं, लग्नांतल्या थर्माकोलच्या ताटल्या.
खाली मास्क. हातभर थर.
तिथं आठ दिवस कोणी बोललं नाही.
त्याखाली एक पडलेला उमेदवार, फ्लेक्सवर,
हात जोडून अजून हसतोय.
ठिबकच्या काळ्या नळ्या, ओढाल तितक्या येतात.
इस्माईल शाम्पूची पुडी उन्हात धरतो,
"हिचा रंग बघ. अन् माझा बघ."
डायपर निघतात तसेच गच्च.
कुणाचं तरी पहिलं वर्ष असं हाताला लागतं.
ते पोर आता सातवीत असेल.

शेवटी माती पडते, बारीक, काळी, दिसायला चांगली.
कळमसऱ्याचा एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला होता,
मूठभर उचलली, बोटानं चोळली,
अंगठ्यातून काच उपसली
आणि रिकामा ट्रॅक्टर वळवला.

काल जेसीबीचा दात खऱ्या जमिनीला लागला.
आम्ही वाकून बघितलं.
पांढरट चुनखडी, बाभळीचं एक मूळ,
बस.
मुकादम म्हणाला, तळ आला, फोटो काढा.
फोटो काढेपर्यंत पलीकडच्या प्लॉटवर
घंटागाडी आजचा माल ओतून गेली,
गाणं चालूच.

सुनेचं पोर धुळ्याला सिव्हिलात काचेच्या पेटीत आहे,
दीड किलोचं. आज अकरावा दिवस.
याच्या आधीची दोन राहिली नाहीत.
रात्री बायको फोनवर बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली,
"बाबानंच नाव ठेवूत ना."

नाव ठेवायला काय लागतं.
पण ठेवायचं कुठं त्याला?
इथंही ऊब आहे, खोटं कशाला बोलू,
एप्रिलात डेपो आपोआप पेटतो
आणि तीन-तीन दिवस आतून धुमसतो.
यावर मी बाप ठेवला नसता.

आज सुटी झाल्यावर घरामागं
कुदळीनं कमरेइतका खड्डा घेतला.
झेलाबाईच्या नातवाकडे दोन म्हशी आहेत,
तो म्हणाला, रोज दोन पाट्या शेण नेत जा काका,
काय करायचंय ते मात्र विचारलं नाही.
राख आमच्याच चुलीची.
वाफ धरायला महिना तरी जाईल,
तोवर पेटीतून सुटेल पोरगं.

येताना बाजारात थांबून
दादरचा भाव विचारून ठेवला.